आखाजीचा झोका

रावेरात केळीच्या गोदामात कामिनीअक्का चोरून पत्त्यांचा अड्डा चालवते. धाडीच्या भीतीने स्वतः दाराकडे तोंड करून बसते. मी तिथे चहा करते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अड्डा ओस पडतो. त्या दिवशी गावोगाव पारावर उघड पत्ते खेळतात आणि लेकी माहेरी झोके घेतात. अक्काला न्यायला कोणी येत नाही. "अड्डेवाली माझी बहीण नाही," असं भाऊ बोलला, त्याला अकरा वर्षं झाली.

यंदा मी विचारलं, "भाऊ काय करत असेल आता?"

"पारावर हरत असेल. चांगली पानं आली की हसतो मेला. मीच शिकवलंय त्याला."

मग तिने गोदामातच झोका बांधला. पोलीस येणार नव्हते, तरी दाराकडे तोंड करूनच बसली.