महिन्याचं सिम

रत्नागिरीतल्या मोबाइलवाल्यानं मला फसवलं. आंब्याच्या सौद्यासाठी मस्कतला गेलो, तेव्हा महिन्याचं म्हणून त्यानं दिलेलं सिम आठव्या दिवशीच बंद पडलं. त्याच सकाळी इकडे बायकोचं ऑपरेशन होतं.

मस्कतच्या बसथांब्यावर एक वेल्डर होता, बोलण्यावरून आपल्याकडचाच. सिमची गोष्ट ऐकून त्यानं आपला फोन बाहीला पुसून माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून उभा राहिला. फोन लागेपर्यंत तिला आत नेलं होतं.

"सिम घेताना घासाघीस केलीत काय, काका?" तो थकल्यासारखा हसला. "तुम्ही भाव पाडता, ते दिवस कापतात."

केली होती. मग दिवस कापले हे दुकानदारानं तोंडानं सांगायचं होतं. बायको बरी आहे, पण अजून विचारते, "तेव्हा फोन का नाही केलात?" मी सांगून दमलो. आता त्या दुकानदारानं घरी येऊन तिला उत्तर द्यावं.