तात्याबानं बसवलेली पंगत

पणदऱ्याच्या तात्याबाला शेतकी खात्याच्या साहेबानं गावरान मका निवडायला बसवलं आणि तेच घराला भोवलं. साहेबानं शिकवलं होतं, दाण्याचा रंग बघायचा, दाणा गुळगुळीत की खळी पडलेला ते बघायचं, आणि सारख्याला सारखं लावायचं. तात्याबाला ते इतकं गोड लागलं की मका संपला तरी डोळे थांबेनात. शेळ्या त्यानं कानांवरून वेगळ्या बांधल्या. बायकोनं, ठमाबाईनं, थापलेल्या भाकरी काठांवरून निवडल्या.

"आवं, जेवा की आधी!" ती ओरडायची.

"चिरलेल्या काठाच्या आधी खातो," तो म्हणायचा.

तेवढ्यात पुतणीचं, नकोशीचं लग्न निघालं. भावानं, रामहरीनं, पंगत बसवायचं काम तात्याबावर सोपवलं. सोपं काम म्हणून.

अक्षता पडल्या आणि तात्याबा कामाला लागला. लांब नाकाचे इकडं, बसक्या नाकाचे तिकडं. काळ्या डोळ्यांचे पुढं, घाऱ्या डोळ्यांचे मागं. गालाला खळी पडणारे वेगळे. त्यासाठी वडगावच्या आबासाहेबांना त्यानं मुद्दाम हसायला लावलं. बसलेली माणसं उठवली तरी कुणी भांडलं नाही. आमटीचा वास सुटला होता.

घोटाळा झाला नवरदेवापाशी. इंदापूरकडच्या मानसिंगचा एक डोळा काळा, एक घारा. तात्याबानं त्याला सगळ्या ओळींतून फिरवलं आणि शेवटी मांडवाच्या खांबाशी उभं केलं.

"ह्यो मिश्र हाय. बियाण्याला चालायचा न्हाय."

नवरदेवाची आई प्रयागबाई ताडकन उठली. "गाड्या जुंपा रं!"

रामहरीनं पागोटं काढून तिच्या पायांवर ठेवलं. तात्याबाला कळेना, आपण वाईट काय बोललो.

तेव्हा नकोशीच मुंडावळ्या सारत म्हणाली, "तात्या, तुमी कुठल्या वळीत?"

तात्याबा गडबडला. हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तांब्यातल्या पाण्यात तो वाकून बघत राहिला. नाक लांब, पण बुडाशी बसकं. खळी एकाच गालाला.

"मी बी मिश्रच की!" असं म्हणून तो खांबाशी मानसिंगला खाली बसवून त्याच्या शेजारी मांडी घालून बसला. आबासाहेबांनी आपले गाल चाचपले आणि तेही तिकडं गेले. बघता बघता ओळी मोडल्या, सारी पंगत खांबाभोवती गोळा झाली. वाढप्याला पाय ठेवायला जागा उरली नाही. प्रयागबाईही हसू दाबत बसली.

तात्याबा मात्र घास हातात धरून मानसिंगकडं बघत होता. "पावणं, तुमच्या आज्याचा डोळा कसा व्हता?"

"तात्या, आधी भात घ्या," मानसिंग म्हणाला.

पुढं गावातल्या लग्नांत तात्याबाला पाणी वाढायचं काम मिळू लागलं.