परत मागितलेली खुर्ची

कशेळीची जानकीबाई सुकी मासळी घेऊन भिवंडीच्या बाजारात बसायची. बोंबील, जवळा, करदी. तिच्या पाटीपुढं उभं राहून भाव पाडायची कोणाची छाती नव्हती. एकदा एका हवालदारानं फुकटात बोंबलांची जुडी उचलली, तर बाईनं भर बाजारात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि जुडी मुकाट्यानं पाटीत परत आली. माणसाला ती कधी भ्यायली नाही. भ्यायची ती फक्त देवाला, आणि तेही थोडंथोडकं नव्हे.

त्यालाही कारण होतं. तिचं माहेर अंबाडीकडचं. तिच्या लहानपणी तिथल्या मोरूनं गावदेवीला सोडलेला बोकड नड आली म्हणून गुपचूप विकला. पावसाळा सरायच्या आत त्याचा एकुलता एक पोरगा विहिरीत बुडाला. आता विहिरीला कठडा नव्हता, पोर द्वाड होतं, हे सगळं खरं. पण गावानं एकच म्हटलं, दिलेलं परत घेतलं, म्हणून देवीनं दुसरं नेलं. मोरूची बायको कशी ओरडत होती ते जानकीबाईनं दाराआडून ऐकलं होतं. ते ओरडणं तिच्या कानांतून पुढं कधी गेलंच नाही.

तर सत्याहत्तर साल असेल. तिचा लेक अनंता कुवेतला बांधकामावर होता. तिथं परांचीवरून पडला. तार आली की हालत गंभीर आहे, आईला पाठवा. आदल्याच वर्षी अनंतानं हौसेनं आईचा पासपोर्ट काढून ठेवला होता, तुला एकदा विमानात बसवतो म्हणून. बसायची वेळ आली ती अशी! कामाच्या कंपनीनं व्हिसा धाडला, बाजारातल्या तिकीटवाल्या शफीभाईनं चार ठिकाणी फोन फिरवले, पण त्या आठवड्यात साधी जागा कुठंच शिल्लक नव्हती. होती ती एकच, फर्स्ट क्लासची. किंमत ऐकून बाईनं कानांवर हात ठेवले.

धाकटा दीर दाजी तेव्हा मदतीला आला. त्यानं नुकतीच खाडीकडची जमीन एका गोदामवाल्याला विकली होती. "वयनी, जमीन गेली ती गेलीच," तो म्हणाला, "तू पोराचं तोंड बघून ये." आणि त्यानं तिकीट काढलं.

विमानतळाकडं निघालेली टॅक्सी कशेळीच्या पुलावर आली तेव्हा जानकीबाईचा जीव कंठाशी आला होता. पोर आहे की गेलं, काही कळायला मार्ग नव्हता. तिनं डोळे मिटले आणि वज्रेश्वरीला साकडं घातलं. "आई, वाटेत माजे काय हाल करायचे ते कर. मी हूं की चूं करनार न्हाय. माजं जे मागशील ते देईन. पन पोर जित्ता दाखव."

आणि काय सांगावं, देवीनं तासाभरात मागितलं! काउंटरवरचा कोटवाला माणूस तिकीट हातात फिरवत म्हणाला, "अम्मा, फर्स्ट क्लास फुल हो गया. पीछे बैठना पडेगा. नहीं तो अगले हफ्ते आओ." दुसऱ्या कुठल्या दिवशी जानकीबाईची जागा कोणी घेतली असती, तर त्याचा कोट अंगावर राहिला नसता. पण त्या दिवशी तिच्या अंगावर सरसरून काटा आला. हा माणूस मागतच नाही, ही आईच मागतेय! तिनं त्या कोटवाल्याला चक्क हात जोडले आणि मनात म्हणाली, "घे आई. खुशीनं दिली. परत न्हाय मागनार."

विमानात पार शेपटाकडं, संडासाच्या दाराशी, गुडघे पोटाशी घेऊन ती बसली. दार उघडलं की वास, मिटलं की धक्का. प्रत्येक धक्क्याला ती मनाशी म्हणे, हे पण घे.

अनंता जिवंत होता. डोक्याला पट्टी, उजव्या पायाची हाडं चुरलेली, पण जिवंत. "आये," म्हणाला. बाईला आणखी काय हवं होतं? थोडा सावरल्यावर कंपनीनं त्याला आईबरोबर मायदेशी पाठवलं आणि हात झटकले. मुंबईच्या इस्पितळात त्याला खाट मिळाली. सून काशी यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची, ती काम सोडून नवऱ्यापाशी बसली. पण पाय भरून येईना. आतून पू धरला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा फाडून आत सळई घालावी लागेल, ती तुम्ही विकत आणायची, औषधंही बाहेरची. उशीर केलात तर पाय मांडीपासून काढावा लागेल. दाजीचे हात आता रिकामे होते. जमिनीचा पैसा होता तरी केवढा!

अशात एकदा शफीभाई विचारपूस करायला तिच्या पाटीशी थांबला. सहज म्हणाला, "अम्मा, फर्स्ट क्लास कैसा था?"

"कसला फर्स्ट क्लास, भाई! मला मोरीपाशी बसवलेली."

शफीभाई ताठच झाला. पुढच्या जागेचे पैसे घेऊन मागं बसवलं? मग मधला फरक परत मिळतो, हक्कानं मिळतो! आणि तो थोडाथोडका नाही, सळई आणि औषधं दोन्ही निघतील. फक्त ज्याच्या नावचं तिकीट त्यानं स्वतः विमान कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात जाऊन सांगायला हवं. "अम्मा, कल चलो मेरे साथ," तो म्हणाला. औषधाला पैसे न्यायला इस्पितळातून आलेल्या काशीच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी उजेड दिसला.

जानकीबाईच्या मात्र काळजाचं पाणी झालं. परत न्हाय मागनार, असं आपण बोललो होतो. आपल्याच तोंडानं बोललो होतो.

मग सुरू झाल्या तिच्या सबबी. एक दिवस कंबर धरली. दुसऱ्या दिवशी अमावास्या आली, अमावास्येला कोण निघतं? मग तिकीटच सापडेना, आणि ते काशीला डाळीच्या डब्यात सापडलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं तिचं झालं. शफीभाई लांबून दिसला तरी ती पाटी उचलून दुसऱ्या गल्लीत जायची. हवालदाराला पळवणारी बाई तिकीटवाल्याला बघून पळायला लागली!

रोज दुपारी मात्र ती इस्पितळात जायची. अनंताच्या पायाला आता वास यायला लागला होता. तो वास आला की तिला वाटायचं, आजच जाते ऑफिसात. आणि पाठोपाठ मोरूची बायको कानात ओरडायला लागायची. पैसे मागावे तर देवी पोर नेईल, न मागावे तर डॉक्टर पाय नेतील. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधे हिचा जीव टांगणीला. अन्न गोड लागेना. मासळीचा भाव विचारला तर भलताच आकडा सांगायची.

शेवटी डॉक्टरांनी काशीला सांगून टाकलं, की येत्या सोमवारी पाय काढायचा. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात काशीनं सासूला गाठलं. काशी बोलायला मऊ, पण त्या दिवशी तिचा आवाज फाटला. "आत्या, तुमचा पोर हाय ना तो? मग एवढं ऑफिसात जायला काय मरन येतंय तुम्हाला?"

तेव्हा जानकीबाईनं सगळं सांगितलं. पूल, साकडं, कोटवाला, आपण दिलेलं वचन.

काशीनं हसण्यावारी नेलं असतं तर बरं झालं असतं. कोणीतरी म्हणायला हवं होतं, की वेडी का खुळी तू, देवी काय खुर्चीवर जीव ठेवून बसलीय? पण काशीसुद्धा त्याच मातीतली. तिचा चेहरा पांढरा पडला. ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "वचन तुमचं हाय, माजं न्हाय. मी जाते. जानकीबाई मीच, असं सांगते, अंगठा मी देते. काय व्हायचं ते मला होऊं दे."

हे ऐकून जानकीबाई चरकली. दुसऱ्याची लेक आपल्या देवीच्या तोंडी द्यायची? स्वतःचं पोर वाचवायला? ती काशीवर खेकसली, "गप बस! तुजं वय काय, बोलतेस काय!" आणि तशीच, अंगावरच्या लुगड्यानिशी, शफीभाईकडं निघाली. काशी मागोमाग होतीच.

विमान कंपनीचं ऑफिस थंडगार होतं. काचेच्या टेबलामागं एक तरुण साहेब होता, मराठीच होता, आणि वागायला भला होता. त्यानं तिकीट पाहिलं, शफीभाईचं म्हणणं ऐकून घेतलं. मग बाईकडं वळून म्हणाला, "एकच विचारायचंय, आजी. मागची जागा तुम्ही खुशीनं घेतलीत, की तुम्हाला बसवलं? खुशीनं घेतली असेल तर पैसे देता येत नाहीत."

आता बोला! नेमका तोच शब्द. खुशीनं दिली असंच जानकीबाई देवीला बोलली होती. आता नाही म्हणायचं, तर नुसतं परत मागणं नव्हे, दिलंच नव्हतं असं देवीच्या तोंडावर सांगणं! तिनं पदर अंगाभोवती गच्च लपेटून घेतला. साहेबाला वाटलं, म्हातारी एसीनं गारठलीय. त्यानं चहा मागवला. शेजारी काशीनं पुढं होऊन तोंड उघडलं, "साहेब, जानकीबाई मी..."

"ती माजी सून," जानकीबाई मोठ्यानं म्हणाली. "जानकीबाई मी. खुशीनं कोन बसंल मोरीपाशी? बसवलं मला. माजे पैसे द्या."

पदराखाली तिनं हात जोडले होते. आई, बोलले ती मी बोलले. पोरानं नि सुनेनं कायबी केलं न्हाय. करशील ते माज्यावर कर.

साहेबानं अर्जावर तिचा अंगठा घेऊन शिक्का मारला. पैसे यायला महिना लागणार होता, पण तो शिक्का बघून शफीभाईनं आपल्या गल्ल्यातून रक्कम पुढं केली. सळई आली. सोमवारी पाय काढायचा होता, त्याच सोमवारी पाय वाचवायला घेतला. जानकीबाई दाराबाहेर फरशीवर बसून राहिली आणि दार हललं की डोळे मिटून घ्यायची. अनंता वाचला. पायही वाचला. लंगडत का होईना, दिवाळीनंतर तो आपल्या पायांनी कशेळीच्या घरात आला.

गाव म्हणालं, जानकी, सुटलीस बाई. सुटते कसली! तिनं सगळं स्वतःवर मागून घेतलं होतं, आणि तिच्यावर तर काहीच येईना. साधा ताप येईना. वर्ष गेलं, दुसरं गेलं. तशी तिची भीती वाढतच चालली. माझ्यावर येत नाही, मग कोणावर यायचं राहिलंय? अनंता खोकला की ती उठून बसायची. काशीला यायला उशीर झाला की रस्त्यावर जाऊन उभी राहायची. आणि वज्रेश्वरीचं नाव काढलं की काहीतरी काम काढून आत जायची.

अनंताला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आईनं नवस केला होता एवढंच तो जाणून होता. शेवटी त्यानंच हट्ट धरला. अकलोलीच्या गरम पाण्यात पाय शेकू आणि तसंच पुढं वज्रेश्वरीला नारळ फोडू, असं म्हणून त्यानं दोघींना एसटीत घातलं. देवळाशी आल्यावर तो काठी टेकत पायऱ्या चढायला लागला. जानकीबाई खालीच, लोकांच्या चपलांपाशी बसली आणि तिनं पदर पार नाकापर्यंत ओढून घेतला.

चार पायऱ्या चढलेली काशी मागं फिरली. "आत्या, वर जानकीबाईच्या नावानं नारळ फोडायचा म्हनतात हे..."

"हळू!" सासूनं तिचा हात घट्ट धरला. "नाव नको घेऊस हितं. किती मान्सं येतात तिच्याकडं रोज. विसरली असंल ती. समोर गेलं की आठवंल."

काशीनं वर पाहिलं, मग सासूकडं पाहिलं. आणि तीही पदर पुढं ओढून तिच्याशेजारी खाली बसली.

वरच्या पायरीवर पोचलेला अनंता काठी उंचावून मोठ्यानं हाका मारत होता, "आये! ए आये! ये ना वर!" खाली दोघींनी पदर आणखी पुढं ओढले.