थोरल्या जावयाची पट्टी

सासूबाईंच्या घरात काहीही बिघडलं की फोन थोरल्या जावयालाच जायचा. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्यांचा पेशा. त्यामुळे गळका नळ, करकरणारं कपाट, बंद पडलेला पंखा, सगळं त्यांच्याकडे. "थोरले आले की वस्तू आपणहूनच शहाण्यासारख्या वागायला लागतात," असं सासूबाई म्हणायच्या, आणि थोरले वरवर "छे हो" म्हणत दिवसभर खुशीत असायचे.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि घरात दुसरा जावई आला. हे दातांचे डॉक्टर. त्यांना साधा बल्ब बदलता येत नव्हता, पण बोलणं असं की सासूबाई हसून हसून डोळे पुसायच्या. त्यांचे विनोद मग त्या थोरल्यांनाच ऐकवायच्या. थोरले पंख्याखाली स्टुलावर उभे, तोंडात स्क्रू धरलेला, आणि खालून सासूबाई सांगतायत, "काल धाकटे काय म्हणाले माहितीये?"

सासूबाई व्हायोलिन शिकवायच्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून सगळी शिकवणी लॅपटॉपवर. लॅपटॉप जुना, थोरल्यांनीच कधीतरी त्यात मेमरीची नवी, मोठी पट्टी बसवून त्याला धडधाकट केलेला. अलीकडे तो पुन्हा रेंगाळायला लागला. सासूबाई सहज बोलून गेल्या, आणि धाकट्यांनी परस्पर एका दुकानात नेऊन जोडीला दुसरी पट्टी टाकून आणली.

"मला विचारायचं तरी!" थोरले घरी येऊन बायकोवर तणतणले.

"आईचंच काम केलं ना त्यांनी? तुमचा काय हात मोडला?"

नंतर लॅपटॉप मधूनच गोठायला लागला. बाण हलेना, चित्र जागच्या जागी. सासूबाईंनी थोरल्यांना बोलावलं. थोरल्यांनी एक अख्खी दुपार घालवून सगळी सिस्टीम पुसली, नव्याने टाकली. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या मध्यावर लॅपटॉप पुन्हा थिजला.

थोरल्यांनी पाठीमागचं झाकण उघडलं. आत दोन पट्ट्या शेजारी शेजारी. त्यांनी मागेपुढे न बघता धाकट्यांची पट्टी उपटून टेबलावर ठेवली.

"हे बघा कारण," ते धाकट्यांसकट सगळ्यांसमोर म्हणाले. "बाजारातून काहीतरी उचलून आणलं की असं होतं. जुन्याशी पटत नाही त्याचं."

धाकट्यांचा चेहरा एवढासा झाला. "सॉरी आई. मला त्यातलं खरंच काही कळत नाही."

थोरल्यांना बरं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, चांगलंच बरं वाटलं.

पण लॅपटॉप सुधारायचं सोडून, आधी दिवसाआड अडकायचा तो आता तासातासाला अडकायला लागला. थोरल्यांनी आतला पंखा काढून धूळ झटकली, ड्रायव्हर पुन्हा टाकले, इंटरनेटलाही दोष देऊन झाला. एका मुलीची प्रवेशपरीक्षा तोंडावर आली होती. सासूबाई तिला अवघड जागा वाजवून दाखवत होत्या आणि पडद्यावर ती मुलगी तोंड अर्धवट उघडं टाकून थिजली. सासूबाईंनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि चाचरत विचारलं, "रागावू नका, पण धाकट्यांच्या ओळखीचा तो दुकानदार एकदा बघेल का?"

थोरल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कशाला? मी काय मेलोय?" असं म्हणून त्यांनी लॅपटॉप काखोटीला मारला, टेबलावर पडलेली ती पट्टी खिशात टाकली आणि घर गाठलं.

बायकोने दार उघडलं, लॅपटॉपकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "पोटात दुखतंय तुमच्या, आणि औषध त्या यंत्राला देताय."

रविवारी त्यांनी तपासणीचा प्रोग्राम लावला. आधी स्वतःची पट्टी एकटी ठेवून. काही मिनिटांतच पडद्यावर लाल ओळी भराभर उमटल्या. खाच बदलून पाहिली, तरी तेच. मग धाकट्यांची पट्टी एकटी बसवली. संध्याकाळपर्यंत प्रोग्राम चालला, एकही चूक नाही. आजारी होती ती त्यांचीच पट्टी. मशीन आधी रेंगाळत होतं आणि मग गोठत होतं ते तिच्यापायी, आणि धाकट्यांची धड पट्टी काढल्यावर सगळा भार या खराब पट्टीवर आला होता. लिफ्ट अडकली की पहिल्यांदा स्वतःचंच काम तपासायचं, हे ते हाताखालच्यांना बजावायचे. इथे मात्र त्यांनी ते शेवटी तपासलं.

त्यांनी धाकट्यांची पट्टी आत ठेवून झाकण लावलं. आपली कचऱ्यात टाकली. बायकोलाही बोलले नाहीत.

लॅपटॉप सासूबाईंकडे परत गेला आणि आठवडाभर सुरळीत चालला. ती मुलगी परीक्षेत पास झाली म्हणून सासूबाईंनी दोन्ही लेकी-जावयांना जेवायला बोलावलं.

"शेवटी थोरल्यांच्याच हाताला गुण," सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या.

"ते तर आहेच," धाकटे म्हणाले. "मी बिघडवून ठेवला होता. दादांनी निस्तरलं."

टोमणा असता तर थोरल्यांनी परतवला असता. पण धाकटे मनापासून बोलत होते. थोरल्यांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी पाणी प्यायलं.

"तुम्ही नव्हता बिघडवला," ते ताटाकडे बघत म्हणाले. "माझी पट्टी खराब होती. आत आहे ती तुमची. मला रविवारीच कळलं होतं."

बायकोचा हात भांड्यावरच थांबला. धाकटे मात्र खुर्चीतून अर्धे उठलेच.

"म्हणजे माझी चालतेय? खरंच? आई, ऐकलंत? या घरात मी एक तरी काम धड केलं!" ते बायकोकडे वळले. "तू म्हणायचीस ना, दादांसारखं एखादं काम करून दाखव म्हणून?"

मेहुणीने मान खाली घातली. थोरल्यांनी पहिल्यांदाच धाकट्यांकडे नीट पाहिलं.

जेवणं झाल्यावर धाकटे हटून बसले. "दादा, एकदा उघडून दाखवा ना मला."

थोरल्यांनी झाकण उघडलं, कुठे काय ते दाखवलं, पट्टी कशी तिरकी धरून दाबायची ते सांगितलं. धाकट्यांनी दोनदा हात पुढे केला, आणि दोन्ही वेळा थोरल्यांनी "थांबा, नाजूक असतं ते" म्हणून स्वतःच केलं. तेवढ्यात धाकटे काहीतरी पुटपुटले आणि सासूबाई खळखळून हसल्या. थोरल्यांनी शेवटचा स्क्रू जरा जास्तच आवळला.