वसंतरावांचा उजवा हात

दतिया मागे पडलं तेव्हा उजाडलं होतं. धुक्यामुळे गाडी रखडत चालली होती. खिडकीची काच पुसली की मोहरीची पिवळी शेतं दिसायची, आणि थोड्याच वेळात काच पुन्हा धुरकट व्हायची. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी चौकशी केली, ग्वाल्हेरला कोण असतं? मी म्हणालो, ओळखीचे आहेत. मग त्यांनी विचारलं, किती वर्षांनी चाललात? पन्नास, असं उत्तर दिल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि आपल्या पिशवीतली गजक (तीळ आणि गूळ कुटून केलेली खुसखुशीत वडी) पुढे केली. माझ्या दातांना ती झेपणारी नव्हती. मी तुकडा तोंडात धरून बसलो.

गेल्या वर्षी याच मासिकात माझा एक लेख आला होता. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. नागपूरहून ऑक्युपेशनल थेरपी शिकून मी पहिल्या नोकरीला ग्वाल्हेरला गेलो, आणि तिथे पक्षाघात झालेल्या एका गृहस्थांना स्वतःच्या हाताने जेवायला शिकवलं, असं मी त्यात लिहिलं होतं. नाव दिलं नव्हतं. हीच गोष्ट मी पुढे नागपुरात वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो. नवीन मुलं घाबरलेली असतात, त्यांना धीर येतो.

लेख आल्यावर महिन्याभराने ग्वाल्हेरहून फोन आला. "डॉक्टरसाहेब, ते माझे पप्पा होते ना? जयेंद्रगंजवाले? मी सुधा बोलतेय." तिथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात तिने अंक पाहिला होता. खूप आनंदात होती. बोलता बोलता हसत म्हणाली, "पण घरी आल्यावर पप्पांनी हातच सोडून दिला. आळशी हो. तुमची सगळी मेहनत बरबाद केली त्यांनी. आम्ही किती बोलायचो त्यांना."

वसंतराव आळशी नव्हते. पक्षाघातानंतर ते स्वतःच्या हाताने कधी जेवलेच नव्हते. हे त्यांच्या मुलीला सांगायला मी निघालो होतो. फोनवरही सांगता आलं असतं. दोनदा नंबर लावला आणि दोन्ही वेळा थंडी कशी आहे वगैरे विचारून ठेवून दिला.

ग्वाल्हेरच्या फलाटावर उतरल्यावर लक्षात आलं की कानटोपी गाडीतच राहिली. बाहेर ई-रिक्षांची रांग. माझ्या वेळी इथे काळा धूर सोडणारे टेम्पो असत. रिक्षावाल्याने फूलबागेकडे वळता वळता विचारलं, "बाबूजी, किला घुमा दूँ?" मी नको म्हणालो. "ग्वालियर आके किला नहीं देखोगे, तो घर जाके क्या बताओगे?" मी म्हणालो, इथूनच दिसतोय की. तो हसला, पण बरोबरच होतं. धुक्यातून वर निघालेला तो लांबलचक खडक शहरात कुठेही उभे राहा, मागे असतोच.

फूलबागेजवळच्या एका लॉजवर उतरलो. सुधाताईंना मी उद्या पोहोचतो असं कळवलं होतं. म्हणजे खरं बोलायला आलो तेही एक खोटं सांगूनच. एक दिवस हाताशी हवा, असं मनाला समजावलं होतं.

खाली कोपऱ्यावर बेडई (उडदाच्या डाळीचं सारण भरलेली पुरी) तळत होते. द्रोणात बटाट्याची झणझणीत रस्साभाजी. त्या नोकरीच्या हिवाळ्यात माझी सकाळ यावरच निघायची. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, गावात कुणी ओळखीचं नव्हतं, आणि खोलीवर स्टोव्ह पेटवायचा कंटाळा यायचा. आजही एकटाच उभा राहून खाल्लं. दुकानदाराने भाजी पुन्हा वाढताना विचारलं नाही, तेव्हाही विचारत नसत.

खाऊन झाल्यावर शेजारच्या टपरीवर नवी कानटोपी घेतली आणि जयेंद्रगंजात गेलो. वसंतरावांचं घर सापडलं नाही. एका गल्लीत शिरलो, ती चुकीची निघाली. दुसरीत त्या जागी तीन मजली इमारत होती, तळाशी चष्म्यांचं दुकान. दुकानातल्या मुलीने काय दाखवू विचारलं. मी उगाचच चष्म्याचा कप्पा विकत घेऊन बाहेर पडलो.

दुपारी जुन्या रुग्णालयाकडे वळलो. तेव्हा ते एक लहानसं धर्मादाय रुग्णालय होतं आणि आमचा विभाग म्हणजे औषधांचं कोठार रिकामं करून दिलेली खोली. बटणं लावायची फळी, मण्यांची पाटी, एक लहान हातमाग आणि मी. आजारातून उठलेल्या माणसाला अंघोळ, कपडे, जेवण ही रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत, एवढाच या विद्येचा हेतू. विश्वस्तांना ते पटत नव्हतं. मालिश करत नाही, सुई देत नाही, मग बटणं लावायला शिकवण्याचा पगार कसला? संक्रांतीनंतर ते येऊन पाहणार होते आणि मग खोली ठेवायची की नाही ते ठरणार होतं.

आता तिथे नवी इमारत आहे. मी इथला जुना माणूस आहे म्हटल्यावर आत जाऊ दिलं. एक इंटर्न मुलगी स्वेटरवाल्या म्हाताऱ्यासमोर दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती. म्हातारा बटण काजात घालायची खटपट करत होता. आम्हालाही हेच शिकवलं होतं. हात मागे ठेवायचे, नाहीतर ते आपोआप मदतीला जातात.

"कठिन लगता है?" मी विचारलं.

"बहुत, सर. एक बटन में इतनी देर लगती है. मन करता है मैं ही लगा दूँ."

"मत लगाना," मी म्हणालो. आवाज जरा कडक निघाला असावा, कारण ती दचकली. म्हातारा मात्र माझ्याकडे रागाने पाहत होता. त्याला मुलीने बटण लावून दिलं असतं तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी थाटीपुरला गेलो. सरकारी वसाहतीच्या मागे सुधाताईंचं घर आहे. शाळेतून निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगा बंगळूरला. मी पाहिली होती ती दोन वेण्यांची, वडिलांसाठी डबा घेऊन येणारी मुलगी. आता माझ्यासारखीच गुडघ्यावर हात ठेवून उठते. "डॉक्टरसाहेब, किती बारीक झाले तुम्ही," म्हणाल्या. मग थंडी, मुलाची नोकरी, मंडळात आता मराठी पुस्तकं कुणी वाचत नाही, पोरं अर्ध्या वाक्यात हिंदीत जातात, असं बोलणं झालं. त्या स्वतःही जात होत्या. शेजारणीला माझी ओळख करून दिली ती, पप्पांना ज्यांनी जेवायला शिकवलं ते हे, अशी.

पान वाढलं. वरण-भात, मटारची उसळ, पुऱ्या, गाजराचा हलवा. मला त्या ताटाला हात लावता येईना.

"सुधाताई, आधी एक सांगायचं आहे."

"जेवता जेवता सांगा ना. गरम आहे."

"नाही. आधीच सांगतो."

मग सांगितलं. वसंतरावांचा उजवा हात खांद्यातून उठत नव्हता. डावा उत्तम होता. अशा वेळी डाव्या हाताने जेवायला शिकवायचं असतं, पंधरवड्यात जमतं. पण घर पुरोहितांचं. त्यांच्या आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की डाव्या हाताने घास घेतलेला आमच्याकडे चालायचा नाही. मीही तसल्याच घरातला. लहानपणी डाव्या हाताने भात कालवला म्हणून हातावर पळी खाल्लेली होती. मी वाद घातला नाही, उलट मनातून सुटल्यासारखं वाटलं. उजव्याच हाताच्या मागे लागलो. विश्वस्त आले त्या दिवशी कडाक्याची थंडी होती, वसंतरावांच्या अंगावर शाल होती. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहिलो आणि शालीखालून त्यांचं कोपर उचलून धरलं. जाड मुठीचा चमचा त्यांच्या तोंडापर्यंत गेला. पुन्हा गेला. विश्वस्तांनी मान डोलावली. त्याच आठवड्यात वसंतरावांना घरी पाठवलं, आणि घरच्यांना बजावलं की आता ते स्वतः जेवतात, कुणी भरवू नका.

सुधाताई वाढायचा चमचा हातात धरून उभ्या होत्या.

"म्हणजे हात जायचाच नाही?"

"छातीपर्यंत जायचा. त्याच्या वर मी नेत होतो."

त्या खुर्चीवर बसल्या. मग माझ्याकडे न पाहता बोलू लागल्या. "आई त्यांना लपून भरवायची. मी एकदा शाळेतून लवकर वापस आली तर दिसलं. मी तिच्या हातातून ताट काढून घेतलं. म्हटलं, डॉक्टरसाहेबांनी मना केलंय, तूच त्यांना लाचार करतेस. आई रडली, पण ऐकलं तिने. शिकलेली मी होती ना घरात. मग ताट समोर ठेवून आम्ही सगळे उठून जायचो. समोर बसलं की मदत मागतात, हे तुम्हीच सांगितलं होतं."

"मीच सांगितलं होतं."

"अर्ध्या तासाने पाहावं तर वरणावर साय. अंगावर सांडलेलं. मग मी बोलायची. काय काय बोलायची." त्या थांबल्या. "डाव्या हाताने ते पेपर उलटायचे. रेडिओ लावायचे. कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"यायला माझ्या डोक्यात हवं होतं."

"पण पप्पा का नाही बोलले? जबान तर साफ होती त्यांची."

हे मी लेखातच काय, कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. आता त्यांना सांगितलं. घरी जायच्या दिवशी टांगा दाराशी उभा होता. वसंतरावांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "नोकरी पक्की झाली ना, डॉक्टर?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मग झालं तर." उन्हाळ्यात मला नागपूरला जागा मिळाली आणि मी ती पक्की नोकरी सोडून गेलो. चार महिन्यांत. त्यांना कळवलंही नाही.

सुधाताई उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू राहिला. परत आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता.

"हे तुम्हाला इतकी वर्षं माहीत होतं."

"हो."

"आणि त्याच्यावर लेख लिहिला."

"हो."

मी उठू लागलो. म्हटलं, मी येतो.

"बसा," त्या म्हणाल्या. "जेवा आधी. ताट समोर ठेवून माणसाला उपाशी बसवायचं, ते या घरात आता होणार नाही."

मी जेवलो. त्या जेवल्या नाहीत. पुन्हा काही वाढलं नाही, घ्या ना असं म्हणाल्या नाहीत. मी संपवीपर्यंत मात्र समोर बसून राहिल्या. दाराशी म्हणाल्या, "जिथे ते छापलं तिथेच हे छापा. या वेळी नाव घाला त्यांचं. आमच्या सगळ्या खानदानाने त्यांना नाव घेऊन आळशी म्हटलंय." डॉक्टरसाहेब हा शब्द मघापासून त्यांच्या तोंडून गेलेला होता. नमस्कार केला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळची गाडी होती. डबरा येईपर्यंत बाहेर दिसत होतं, मग काळोख झाला. समोरच्या बाकावर कुणी नव्हतं. निघताना मला वाटलं होतं की सांगून टाकलं की हलकं वाटेल. वसंतरावांवरचा एक शब्द पुसला गेला, हे खरं. पण सुधाताई आता त्या घरातलं एकेक ताट पुन्हा आठवत बसल्या असतील. इतकी वर्षं मी वाहिलं ते मी त्यांच्या दारात उतरवून आलो. त्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या आणि मी सांगितलं तसं मनापासून वागल्या, एवढंच त्यांनी केलं होतं. हेही त्यांना सांगायला हवं होतं. गाडीत बसल्यावर सुचलं, म्हणून इथे लिहितो. वाचनालयात अंक जाईलच.

माझ्या ज्या विद्यार्थ्यांनी ती गोष्ट ऐकली, त्यांनी ती पुढे सांगू नये.

खरं असं आहे. जयेंद्रगंजचे वसंतराव आमच्या खोलीतून घरी गेले तेव्हा स्वतःच्या हाताने जेवू शकत नव्हते. त्यांचा उजवा हात छातीपर्यंत येत असे आणि तिथवर ते तो रोज आणत. प्रयत्न त्यांनी सोडला नव्हता. डावा हात चांगला होता. त्याने जेवायला त्यांना शिकवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.