पाटीवरचा मोठा आकडा

सोनाजी वायरमनबद्दल लिहायचं तर आमच्या घराची लाज लिहावी लागते. लिहिते.

१९७६चा मे महिना. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली माझी आई, गंगूताई, कळमनुरीच्या उकाड्यात तडफडत होती. खोली गार ठेवा, नाहीतर त्या हा उन्हाळा काही काढत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझे वडील बंडोपंत, आमचे दादा, तहसिलीतले निवृत्त कारकून, नांदेडला जाऊन बंद पडलेल्या एका लॉजचं जुनं एअरकंडिशनर घेऊन आले. तिथं एका किमतीची दोन मशीनं होती. दादांनी दोन्हींवरच्या माहितीच्या पाट्या कागदावर उतरवून घेतल्या आणि मोठ्या आकड्याचं उचललं. उभा जन्म आकड्यांत गेलेला, ते दुसऱ्याला कशाला विचारतील?

सोनाजी बौद्धवाड्यातला, नांदेडला शिकून आलेला, मोजकं बोलणारा. गावातले निम्मे दिवे त्याच्याच हातचे. त्यानं ओसरीवर उभं राहून कागद वाचला.

"पंत, हा वरचा आकडा मशीन वीज किती खातंय त्याचा. थंडी किती देतंय ते खाली लिहिलंय, अन् ते दोन्हीकडं बराबर सारखंच हाय. तुमी जास्त खाणारं आणलं."

"आणलं ना आता. बसव."

"घरातली वायर जुनी हाय, एवढा भार सोसायची न्हाई. आतला छतातला जोड दावा मला."

"आत नको," दादा म्हणाले. "देवघरातून जावं लागतं. तू इथून सांग, मी बघतो."

त्यानं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी दारात होते आणि गप्प होते. शेवटी त्यानं मशीन बाहेरून, शिडी लावून खिडकीत बसवलं आणि ओसरीवरच्या फ्यूजमध्ये बारीक तार घातली.

"भार वाढला की ही जळंल. जळू द्या. जाड तार घालू नका."

दुपारपर्यंत ती दोनदा जळली. मशीन बंद पडलं की आई कण्हायची. दादांनी तिसऱ्यांदा जाड तार घातली, आणि त्या दिवशी आई महिन्यात पहिल्यांदा शांत झोपली. मग कोण कशाला तार बदलतंय.

चौथ्या दिवशी खोलीत जळक्या रबराचा वास यायला लागला. आई वाकड्या तोंडानं "वास, वास" म्हणायची. दादांनी उदबत्ती लावली. मी बटणापाशी भिंतीला हात लावला, भिंत गरम होती. मशीन बंद करायला हात गेला आणि आईचा निजलेला चेहरा बघून मागे आला. तो हात मला अजून छळतो.

सहाव्या दिवशी दुपारी मी आडावरून आले तर देवघरातून धूर येत होता आणि दादा ओसरीवर नुसते ओरडत होते. सोनाजी धावत आला. बाहेरून येणारी वायर त्यानं आधी तोडली, मग ओसरीची पायरी चढून थांबला आणि दादांकडे बघितलं. दादा "ये" म्हणाले तेव्हा तो आत शिरला. त्यानं आईला उचलून बाहेर आणलं, पण धूर तिच्या छातीत भरला होता. ती तिन्हीसांजेला गेली.

तेरावा झाल्यावर दादांनीच त्याला बोलावलं. सगळी वायर बदल म्हणाले. सोनाजी देवघरातून आईच्या खोलीत गेला, रिकामी खाट सरकवून स्टुलावर चढला आणि काळा पडलेला जोड हातात घेऊन बघत राहिला.

"अर्ध्या दिवसाचं काम होतं, पंत," तो म्हणाला.

दादा दारातच उभे होते.