अल बर्शातला तारपा

भिवा वरठा तलासरीकडच्या पाड्यावरचा वारली. चौदा वर्षं दुबईच्या साइटवर शटरिंगचा सुतार. राहायला शारजाच्या कामगार वस्तीत. सुटी मिळाली की त्याला फक्त आडवं पडायचं असे.

त्या रविवारी मात्र दोन तास बसमध्ये अवघडून तो दुबईतल्या अल बर्शाला पोचला. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला तारपा, वाळक्या भोपळ्याचं आणि बांबूच्या नळ्यांचं लांब वाद्य. तिथे मराठीचे वर्ग घेणाऱ्या प्रज्ञाबाईंनी त्याला बोलावलं होतं. मुलांनी वर्षभर कागदावर वारली माणसं रंगवली होती. ती कशाभोवती नाचतात, हे मुलांना दाखवायचं होतं.

हॉलमध्ये उंच स्टेज, समोर खुर्च्या.

"भिवादादा, दहा मिनिटं हं. मग पुढचा आयटम."

"बाई, हे बसून बघायचं नसतं," भिवा म्हणाला. "वाजवणारा मधे, बाकी सगळे त्याच्याभोवती. खुर्च्या काढता येतील?"

पालक कुरकुरले. प्रज्ञाबाईंनी पहिली खुर्ची स्वतः उचलली.

भिवाने गाल फुगवले. घुमणारा आवाज उठला आणि मुलं एकमेकांच्या कमरेला हात घालून फिरू लागली. "लेफ्ट फूट ऑर राइट?" आठ वर्षांच्या वैभवीने विचारलं. तोंडात तारपा, म्हणून भिवाने नुसता पाय आपटून दाखवला. हळूहळू आयाही आत शिरल्या, हॉलचा मल्याळी वॉचमनसुद्धा.

पाड्यावर भिवा थांबायचं नाव घेत नसे. इथे सहाव्या मिनिटाला धाप लागली. सिमेंटची धूळ कमी खाल्ली नव्हती त्याने. सूर तुटला, तो मटकन खाली बसला.

"अंकल, डोन्ट स्टॉप!"

"खलास, पोरी. दम नाही उरला."

मुलं मात्र चुकत, धडकत, पायांच्या ठेक्यावर फिरतच राहिली.

प्रज्ञाबाईंनी पाणी आणलं. "पुढच्या वर्षी याल ना?"

"नाही बाई. डिसेंबरात कायमचा गावी चाललो. तोवर रविवारी येतो, मोठ्या पोरांना फुंकायला शिकवतो."

"तुमची एकच सुटी असते, दादा."

"हो. थकलोय खरा. पण येतो."

अकरा रविवार तो आला. दोघांना सूर सापडला, बाकीच्यांनी सोडून दिलं. गावी जाताना त्याने तारपा त्या दोघांकडेच ठेवला. शेवटी शेवटी तर शिकवता शिकवता खुर्चीतच त्याचा डोळा लागे. मुलं त्याला उठवत नसत. खाली पार्किंगमध्ये जाऊन सराव करत.